३३ मतं घेणारा हरला, २७ मतं घेणारा जिंकला: राज्यसभेची निवडणूक स्वतः मोजायला शिका

१० जून २०२२. मुंबईच्या विधान भवनात दुपारी चारला राज्यसभेचं मतदान संपलं आणि तासाभरात मोजणी सुरू होईल म्हणून आम्ही घरी टीव्हीसमोर बसलो. मोजणी सुरू व्हायलाच मध्यरात्र उलटली. पहाटे निकाल आला. शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ मतं आणि पराभव. भाजपचे धनंजय महाडिक यांना पहिल्या पसंतीची २७ मतं आणि विजय. दोघेही कोल्हापूरचे.

दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: कमी मतांचा माणूस जिंकतो कसा? कुणी चमत्कार म्हणालं, कुणी घोटाळा. मी वही घेऊन बसलो आणि आकडे मांडत गेलो, तेव्हा कळलं की यात गूढ काहीच नाही. सातवी-आठवीतला भागाकार येत असेल तर हा निकाल स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडता येतो. तो कसा मांडायचा, तेच या लेखात पायरी पायरीने सांगतो. आपले खासदार कसे निवडले जातात हे आपल्याला मोजता यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी सभागृह: २४५ जण येतात कुठून

इतर देशांत ज्याला सिनेट म्हणतात, त्या जागी आपल्याकडे राज्यसभा आहे. आपल्याकडे सिनेट म्हटलं की विद्यापीठाची सिनेट आठवते, म्हणून हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. राज्यघटनेच्या कलम ८० प्रमाणे या सभागृहात जास्तीत जास्त २५० सदस्य असू शकतात: २३८ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांचे, १२ राष्ट्रपतींनी नेमलेले. प्रत्यक्षात आज २४५ जागा आहेत, २३३ निवडणुकीच्या आणि १२ नेमणुकीच्या.

अमेरिकेत छोटं राज्य असो की मोठं, सिनेटमध्ये प्रत्येकाचे दोनच सदस्य. आपण तो रस्ता घेतला नाही. घटनाकारांनी लोकसंख्येचा हिशेब ठेवला, पण मोठ्या राज्यांचं पारडं फार जड होणार नाही असा: पहिल्या ५० लाखांपर्यंत दर १० लाखांमागे एक जागा, त्यापुढे दर २० लाखांमागे एक. म्हणून उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९, तामिळनाडूला १८ आणि गोव्याला १. दिल्लीला ३, पुदुच्चेरीला १ आणि जम्मू-काश्मीरला ४ जागा आहेत. ज्या केंद्रशासित प्रदेशांना विधानसभा नाही, त्यांना राज्यसभेत जागा नाही. कुणाला किती जागा, हे घटनेच्या चौथ्या परिशिष्टात लिहिलेलं आहे.

नेमणुकीच्या १२ जागा साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणकारांसाठी. या वाटेने मराठी माणसं सुरुवातीपासून गेली आहेत. धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे आणि नाटककार मामा वरेरकर पन्नाशीच्या दशकात गेले. पुढे लता मंगेशकर, सचिन तेंडुलकर, नरेंद्र जाधव. या सदस्यांना सभागृहात इतरांसारखंच मत असतं आणि उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीतही ते मतदान करतात. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मात्र त्यांना मत नाही.

राज्यसभा कधी बरखास्त होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षं, आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. १९५२ मध्ये सभागृह पहिल्यांदा बसलं तेव्हा सगळे एकदमच आले होते, म्हणून कुणी दोन वर्षांनी जायचं, कुणी चार वर्षांनी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं गेलं. तेव्हा पडलेली घडी आजही चालू आहे. महाराष्ट्राच्या १९ जागा अशाच तीन गटांत वाटल्या गेल्यात: २०२० मध्ये ७, २०२२ मध्ये ६, २०२४ मध्ये ६. पुढची गणितं करताना हे आकडे लक्षात ठेवा, कारण एका वेळी किती जागा भरायच्या यावर सगळं अवलंबून असतं.

पायरी पहिली: मतदार मोजा

राज्यसभेच्या सदस्यांना मत देतात त्या राज्यातल्या विधानसभेचे निवडून आलेले आमदार. फक्त तेच. विधान परिषदेच्या आमदारांना मत नाही. नामनियुक्त सदस्यांना मत नाही. दिल्ली आणि पुदुच्चेरीतही विधानसभेचे निवडून आलेले सदस्यच मतदार असतात. आपल्याकडे दोन्ही सभागृहांच्या सदस्यांना ‘आमदार’ म्हणतात, म्हणून इथे हमखास गोंधळ होतो.

महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ आमदार. पण कागदावरचा हा आकडा मतदानाच्या दिवशी क्वचितच तेवढा राहतो. २०२२ मध्ये अंधेरी पूर्वचे आमदार रमेश लटके यांचं निधन झालेलं होतं, म्हणजे २८७. अनिल देशमुख आणि नवाब मलिक कोठडीत होते आणि मतदानासाठी बाहेर येण्याची त्यांची मागणी न्यायालयांनी मान्य केली नाही, म्हणजे २८५. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) प्रमाणे तुरुंगात किंवा पोलिसांच्या कोठडीत असलेल्याला मतदान करता येत नाही. तेव्हा कुठलीही निवडणूक मोजायला घ्याल, तर आधी रिकाम्या जागा आणि गैरहजर राहणारे वजा करा.

पायरी दुसरी: उमेदवार आणि माघारीचा दिवस

उमेदवाराचं वय किमान ३० हवं. लोकसभेला २५ चालतं. तो देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघात मतदार असला तरी पुरतं. २००३ पूर्वी ज्या राज्यातून उभं राहायचं, तिथलाच मतदार असणं सक्तीचं होतं. ती अट काढली, म्हणून आज एका राज्यातला नेता दुसऱ्या राज्यातून सहज निवडून जातो. उत्तर प्रदेशातले इम्रान प्रतापगढी २०२२ मध्ये महाराष्ट्रातून गेले, ते त्यामुळेच. ही अट काढल्याने राज्याचा प्रतिनिधी ही कल्पनाच पातळ झाली, असं माझं मत आहे. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००६ मध्ये कुलदीप नय्यर यांच्या खटल्यात हा बदल वैध ठरवला.

अर्जावर सूचक म्हणून आमदारांच्या सह्या लागतात: निवडून आलेल्या आमदारांच्या दहा टक्के किंवा दहा, यातला लहान आकडा. महाराष्ट्रात म्हणजे दहा, गोव्याच्या ४० आमदारांत चार. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला निम्मी. सोबत मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र. मग छाननी, आणि त्यानंतर माघारीची शेवटची तारीख.

खरी घडामोड या माघारीच्या दिवशी होते. जागा सहा आणि उमेदवार सहाच उरले, तर मतदान होतच नाही, सगळे बिनविरोध. महाराष्ट्रात बरीच वर्षं असंच चाललं होतं. २०२० च्या सात जागा बिनविरोध, २०२४ च्या सहा जागाही बिनविरोध. २०२२ मध्ये सहा जागांसाठी सात अर्ज उरले, आणि राज्यसभेसाठी २४ वर्षांनी महाराष्ट्रात प्रत्यक्ष मतदान झालं.

पायरी तिसरी: कोटा काढा

इथून वही-पेन्सिल घ्या.

एकापेक्षा जास्त जागा असतील तर प्रत्येक वैध मतपत्रिकेचं मूल्य १०० धरतात. सोयीसाठी आपण त्यांना गुण म्हणू. वैध मतांना १०० ने गुणायचं, त्याला ‘जागा अधिक एक’ या संख्येने भागायचं, बाकी सोडून द्यायची आणि एक मिळवायचा. हा झाला कोटा. एवढे गुण ज्याला मिळाले, तो निवडून आला.

२०२२ चं घेऊ. मतदान २८५ जणांनी केलं, एक मत बाद झालं, वैध उरली २८४. जागा सहा.

२८४ × १०० = २८,४००
२८,४०० ÷ ७ = ४,०५७ आणि थोडी बाकी
४,०५७ + १ = ४,०५८

कोटा ४,०५८. मतांच्या भाषेत ४०.५८. वर्तमानपत्रं म्हणूनच ‘४१ मतांची गरज’ असं लिहीत होती.

सहा जागांसाठी सहाने न भागता सातने का, असं कुणालाही वाटेल. कारण साधं आहे. सहा जणांना प्रत्येकी सातव्या हिश्श्याहून जरासे जास्त गुण मिळाले, की उरलेल्या गुणांत सातवा माणूस तेवढे मिळवूच शकत नाही. जास्तीत जास्त सहाच लोक पार करू शकतील असा हा सगळ्यात लहान आकडा आहे.

एकच जागा असेल तर मताचं मूल्य १ धरतात आणि कोटा निम्म्याहून एक जास्त.

पायरी चौथी: मतपत्रिका, आणि मत बाद कसं होतं

पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात तुम्ही मतदान केलं असेल, तर ही मतपत्रिका तुमच्या ओळखीची आहे. नावांसमोर फुली किंवा शिक्का नसतो, पसंतीचा क्रमांक असतो. पहिल्या पसंतीच्या नावापुढे १, मग २, ३ असं हवं तितकं. १ लिहिणं सक्तीचं, पुढचे क्रमांक ऐच्छिक. आकडा मराठी लिपीत चालतो, रोमन चालतो, पण ‘एक’ असं अक्षरात लिहिलं तर मत बाद.

१ कुठेच नाही, १ दोघांपुढे आहे, एकाच नावापुढे १ आणि २ दोन्ही आहेत, ओळख पटेल अशी काही खूण आहे: या सगळ्यांत मत बाद. पेनही तेच हवं, मतदान केंद्रावर दिलेलं जांभळ्या शाईचं स्केच पेन. हा नियम किती गंभीर आहे ते २०१६ मध्ये हरियाणात दिसलं. तिथे काँग्रेसच्या डझनभर आमदारांची मतं वेगळ्या शाईमुळे बाद झाली आणि निकालच फिरला. त्यानंतर निवडणूक आयोग स्वतः पेन पुरवू लागला.

आता राज्यसभेच्या मतदानातली सगळ्यात वेगळी गोष्ट. हे मतदान गुप्त नाही. २००३ च्या दुरुस्तीने ते खुलं झालं. पक्षाच्या आमदाराने मत नोंदवल्यावर, घडी करून पेटीत टाकण्याआधी ते आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायचं. दाखवायला नकार दिला तर मत रद्द. आणि दुसऱ्या कुणाला दाखवलं तरी रद्द. अपक्षाने कुणालाच दाखवायचं नाही.

२०२२ च्या त्या रात्री मोजणी अडली ती यावरूनच. भाजपने महाविकास आघाडीच्या (शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस) तीन आमदारांच्या मतांवर आक्षेप घेतला. आयोगाने शेवटी शिवसेनेचे सुहास कांदे यांचं मत बाद करायला सांगितलं, बाकी दोन ग्राह्य धरली. पाच वर्षांपूर्वी, ८ ऑगस्ट २०१७ ला गुजरातमध्ये याहून मोठा प्रसंग झाला होता. काँग्रेसच्या दोन आमदारांनी मतपत्रिका भाजपच्या माणसांना दाखवल्या आणि आयोगाने रात्री उशिरा ती दोन्ही मतं रद्द केली. आपण शिकलेलं गणित तिथे लावून बघा. जागा तीन. १७६ मतं वैध असती तर कोटा १७,६०० ÷ ४ + १ = ४,४०१. दोन बाद झाल्यावर १७४, म्हणजे कोटा ४,३५१. काँग्रेसच्या अहमद पटेलांना मिळाली ४४ मतं, म्हणजे ४,४०० गुण. पहिल्या हिशेबात ते एका गुणाने कोट्याच्या खाली राहिले असते आणि निकाल पुढच्या फेऱ्यांवर गेला असता. दुसऱ्या हिशेबात पहिल्याच फेरीत पार. एक मत बाद झालं की ते त्या उमेदवाराच्या खात्यातून तर जातंच, शिवाय सगळ्यांचा उंबरठाही खाली येतो.

‘नोटा’चा पर्याय काही वर्षं या मतपत्रिकेवर होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये तो राज्यसभेच्या निवडणुकीतून काढून टाकला.

पायरी पाचवी: मोजणी

सगळ्या मतपत्रिका पहिल्या पसंतीप्रमाणे गठ्ठ्यांत लावतात. २०२२ चे गठ्ठे असे होते:

पीयूष गोयल ४८
अनिल बोंडे ४८
इम्रान प्रतापगढी ४४
प्रफुल्ल पटेल ४३
संजय राऊत ४१
संजय पवार ३३
धनंजय महाडिक २७

बेरीज २८४. कोटा ४,०५८ असल्याने पहिले पाच तिथेच निवडून आले. एक जागा उरली, आणि तिच्यासाठी ३३ विरुद्ध २७.

आता या पद्धतीचा गाभा. गोयल यांना ४,८०० गुण मिळाले, लागत होते ४,०५८. वरचे ७४२ गुण त्यांच्या उपयोगाचे नाहीत. कायदा म्हणतो, हे वाया घालवू नका. ज्या मतदारांनी ते दिले, त्यांच्या पुढच्या पसंतीच्या आणि अजून शर्यतीत असलेल्या उमेदवाराला द्या. पण नेमक्या कोणत्या मतपत्रिका जास्तीच्या? त्या ठरवता येत नाहीत, म्हणून सगळ्याच ४८ मतपत्रिका कमी मूल्याने पुढे जातात. ७४२ ला ४८ ने भागा: १५ आणि अपूर्णांक. अपूर्णांक नियमानेच सोडून द्यायचा. म्हणजे प्रत्येक मतपत्रिका पुढच्या माणसाला १५ गुण देणार.

भाजपच्याच गोयल आणि बोंडे या दोघांच्या सगळ्या मतदारांची पुढची पसंती महाडिक होती असं धरून चालू. गोयल यांच्या गठ्ठ्यातून ४८ × १५ = ७२०. बोंडे यांच्याकडून तेवढेच.

२,७०० + ७२० = ३,४२०
३,४२० + ७२० = ४,१४०

४,१४० हे ४,०५८ च्या पुढे. सहावी जागा भरली, मोजणी थांबली.

तुम्ही म्हणाल, आघाडीच्या प्रतापगढी, पटेल, राऊत यांचेही जादा गुण होतेच की, ते पवारांना का नाही मिळाले? नियम असा की सगळ्यात मोठं आधिक्य आधी वाटायचं. ७४२ वाले दोन गठ्ठे आधी फुटले आणि तिथेच जागा संपल्या. पण फक्त क्रमामुळे पवार हरले, असं समजू नका. प्रतापगढींचे ३४२, पटेलांचे २४२, राऊतांचे ४२, असं सगळं अपूर्णांकासकट पवारांना दिलं तरी ३,३०० + ६२६ = ३,९२६. कोट्याला १३२ गुण कमी.

आणि इथे मला या निवडणुकीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. उमेदवारांची नावं पुसा आणि फक्त बाजू बघा. भाजपच्या तीन गठ्ठ्यांत १२३ मतं, म्हणजे १२,३०० गुण. तीन कोट्यांना लागतात १२,१७४. आघाडीच्या चार गठ्ठ्यांत १६१ मतं, म्हणजे १६,१००. चार कोट्यांना लागतात १६,२३२. एका बाजूकडे तीन कोटे पुरेपूर होते, दुसरीकडे चार कोटे पूर्ण नव्हते. गठ्ठे ४८-४८-२७ असे लावा किंवा ४२-४२-३९ असे, निकाल बदलत नाही. करून पाहा. निवडणूक जिंकली गेली ती ४८-४८ च्या मांडणीत नव्हे. स्वतःच्या १०६ आमदारांच्या वर अपक्ष आणि छोट्या पक्षांची १७ मतं भाजपने जोडली, तिथे ती जिंकली गेली.

अजून एक आकडेमोड, जी मी तीनदा तपासली. बाद झालेलं ते एक मत आणि कोठडीतल्या दोन आमदारांची दोन मतं, तिन्ही पडली असती आणि आघाडीलाच मिळाली असती, तर वैध मतं २८७, कोटा ४,१०१. आघाडीकडे १६,४०० गुण, चार कोट्यांना लागणार १६,४०४, म्हणजे चार कमी. भाजपकडे १२,३००, तीन कोट्यांना १२,३०३, म्हणजे तीन कमी. कोट्यापर्यंत कुणीच पोहोचलं नसतं आणि सहावी जागा सोडलेल्या अपूर्णांकांवर ठरली असती.

आधिक्य वाटूनही जागा उरली, तर सगळ्यात कमी गुण असलेल्या उमेदवाराला बाद करतात आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीला जातात. त्यातल्या पहिल्या पसंतीच्या पूर्ण मूल्याने जातात, कारण त्यांनी अजून कुणालाच निवडून दिलेलं नसतं. पुढची पसंती लिहिलेलीच नसेल, तर ती मतपत्रिका संपली. म्हणून पक्षाचे जाणते लोक आमदारांना सांगतात, २ लिहायला विसरू नका.

बरोबरी झाली तर

२७ फेब्रुवारी २०२४ ला हिमाचल प्रदेशात एका जागेसाठी काँग्रेसचे अभिषेक मनू सिंघवी आणि भाजपचे हर्ष महाजन यांना ३४-३४ मतं पडली. काँग्रेसकडे ४० आमदार होते. त्यातल्या सहा जणांनी आणि तीन अपक्षांनी भाजपला मत दिलं. चिठ्ठी टाकावी लागली आणि महाजन निवडून आले. चिठ्ठीत ज्याचं नाव निघतं तो जिंकतो, असं आपण धरून चालतो. इथे चिठ्ठी निघाली सिंघवींच्या नावाची, आणि ज्याची चिठ्ठी निघाली त्याला बाद धरलं गेलं. सिंघवींनी नंतर याच अर्थ लावण्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

पक्षाविरुद्ध मत दिलं तर आमदारकी जाते का

नाही. हे बऱ्याच जणांना पटत नाही. पक्षांतरबंदीचा व्हिप, म्हणजे कुणाला मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, सभागृहातल्या मतदानाला लागू होतो. राज्यसभेची निवडणूक विधान भवनात होत असली तरी ते सभागृहाचं कामकाज नव्हे. पक्ष आमदाराला काढून टाकू शकतो, पुढचं तिकीट नाकारू शकतो, पण एवढ्या कारणाने त्याची आमदारकी जात नाही. हिमाचलातले ते सहा जण अपात्र ठरले, ते अर्थसंकल्पाच्या वेळी व्हिप मोडल्याबद्दल. खुलं मतदान एवढंच करतं की कुणी कुणाला मत दिलं, हे पक्षाला कळतं. विधान परिषदेसाठी आमदार मतदान करतात तेव्हा ते गुप्त असतं. जून २०२२ मध्ये राज्यसभेनंतर दहाच दिवसांनी परिषदेची निवडणूक झाली, तेव्हा आघाडीची मतं आणखी फुटली.

पैसे घेऊन मत देणं हा वेगळा विषय. ४ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सीता सोरेन खटल्यात स्पष्ट केलं की लाच घेणाऱ्या लोकप्रतिनिधीला विशेषाधिकाराचं संरक्षण नाही, आणि राज्यसभेचं मतदानही त्यातून सुटत नाही. हा निकाल यायला फार उशीर झाला, पण आला.

मधेच जागा रिकामी झाली तर

पोटनिवडणूक होते आणि निवडून येणाऱ्याला फक्त उरलेली मुदत मिळते. २०२१ मध्ये राजीव सातव यांच्या निधनानंतर रजनी पाटील आल्या. प्रफुल्ल पटेल २०२४ मध्ये नव्या सहा वर्षांसाठी निवडून आले आणि त्यांनी २०२२ ची जागा सोडली, तिथे सुनेत्रा पवार आल्या. लोकसभेवर निवडून गेलेल्याची राज्यसभेतली जागा आपोआप सुटते. पीयूष गोयल आणि उदयनराजे भोसले यांच्या जागा २०२४ मध्ये तशाच रिकाम्या झाल्या.

यात विरोधी पक्षांच्या दृष्टीने एक मेख आहे. एकाच वेळी दोन जागा रिकाम्या झाल्या तरी प्रत्येक पोटनिवडणूक स्वतंत्र धरतात. कोटा प्रत्येक जागेला निम्म्याहून एक जास्त, म्हणजे दोन्ही जागा बहुमतवाल्यालाच. एकत्र घेतल्या असत्या तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मतं असलेल्या पक्षाला एक मिळाली असती. २०१९ मध्ये गुजरातमध्ये अमित शहा आणि स्मृती इराणी लोकसभेवर गेल्यावर यावरूनच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आयोगाची पद्धत कायम राहिली.

आता तुम्ही सोडवा

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालाचे आकडे घ्या: भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवार यांची राष्ट्रवादी ४१, उद्धव ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवार यांची राष्ट्रवादी १०. बाकीचे छोटे पक्ष आणि अपक्ष बाजूला ठेवा. सगळे २८८ आले, एकही मत बाद नाही आणि सात जागांची निवडणूक आहे असं समजा.

२८,८०० ÷ ८ + १ = ३,६०१. एका जागेला ३७ मतं हवीत.

पहिल्या तीन पक्षांच्या महायुतीची २३० मतं म्हणजे २३,००० गुण: सहा पूर्ण कोटे आणि वर १,३९४. आघाडीच्या तीन पक्षांची ४६ मतं म्हणजे ४,६००: एक कोटा आणि वर ९९९. निकाल ६-१. पण आघाडीतल्या एकाही पक्षाकडे एकट्याने ३७ नाहीत, म्हणजे ती एक जागा कुणाची, यावर आधी त्यांच्यातच बोलणी लागणार. महायुतीत भाजपकडे तीन कोटे आणि वर २,३९७, शिंदे गटाकडे एक कोटा आणि वर २,०९९, अजित पवारांकडे एक आणि वर ४९९. तिघांच्या सुट्या गुणांतून सहावी जागा उभी राहते.

याच आकड्यांवर सातऐवजी सहा जागा धरून बघा. कोटा ४,११५ होतो, आघाडीची एक जागा तशीच राहते आणि महायुतीची सहावी जाते.